पैसा निघाला हे दिसतं, पोचला का? सार्कोझी, रोमानिया आणि परकीय हाताचा संशय

प्रश्न असा आहे : लिबियाचा हुकूमशहा गद्दाफी याच्या पैशाच्या प्रकरणात फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष सार्कोझी तुरुंगात गेले, पण त्याच निकालात पैसे वापरल्याच्या आरोपातून ते सुटले, असंही वाचलं. हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं? मग रोमानियाने नुसत्या संशयावर अख्खी निवडणूक कशी रद्द केली? आणि आपल्याकडे कुणावर असा संशय आला तर तो तपासता येईल का?

माझं काम फॉरेन्सिक ऑडिटचं. कंपनीतून पैसा कुठे गेला, बिलं खरी आहेत का, मधला माणूस कोण, एवढंच आम्ही बघतो. राजकारणाबद्दल माझं मत तुमच्या मताइतकंच, पण पैशाचा माग कुठे तुटतो हे रोजच बघत असल्यामुळे सार्कोझींचा निकाल मला अजिबात विसंगत वाटला नाही. उलट इतकी स्वच्छ विभागणी फार कमी निकालांत सापडते.

परकीय हाताचा संशय हा एक प्रश्न नसतो, त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. बाहेरच्या देशाने मदत द्यायचं ठरवलं का? उमेदवाराने किंवा त्याच्या माणसांनी ती मागितली का? आणि ती खरोखर पोचून निवडणुकीत वापरली गेली का? वर्तमानपत्रात हे तिन्ही एका मथळ्यात येतात. कोर्टात मात्र प्रत्येकाला वेगळं कलम लागतं, वेगळा पुरावा लागतो. अमेरिकेतले विशेष तपास अधिकारी रॉबर्ट म्युलर यांच्या २०१९ च्या अहवालातही हेच झालं होतं. रशियाने २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत पद्धतशीर ढवळाढवळ केली, असं तो अहवाल ठामपणे म्हणतो, आणि ट्रम्प यांच्या प्रचारातल्या लोकांनी रशियाशी मिळून कट केल्याचं सिद्ध करण्याइतका पुरावा मिळाला नाही, असंही म्हणतो. दोन्ही बाजूंनी आपापलं अर्धं वाक्य उचललं.

आता सार्कोझी. काळ २००५ चा. ते गृहमंत्री आहेत आणि २००७ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायचं हे त्यांनी लपवलेलंही नाही. तिकडे गद्दाफी पुन्हा पंक्तीत बसायच्या धडपडीत. संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध २००३ मध्ये उठले, त्याच वर्षी त्याने सामूहिक संहाराच्या शस्त्रांचा कार्यक्रम सोडत असल्याचं जाहीर केलं. तेलाचा पैसा भरपूर, पण प्रतिष्ठा नाही. घरातलं एक दुखणंही होतं. गद्दाफीचा मेहुणा आणि गुप्तचर प्रमुख अब्दुल्ला सेनुसी याला फ्रेंच कोर्टाने १९९९ मध्ये गैरहजेरीत जन्मठेप सुनावली होती. १९ सप्टेंबर १९८९ ला नायजरच्या वाळवंटावर यूटीए कंपनीचं पॅरिसला जाणारं विमान बॉम्बने फुटलं आणि १७० माणसं गेली, त्याबद्दलची ही शिक्षा. सेनुसीवरची ही शिक्षा दूर व्हावी, ही लिबियाची जुनी इच्छा.

२००५ च्या शेवटच्या महिन्यांत सार्कोझींचे दोन सगळ्यांत जवळचे सहकारी त्रिपोलीत या सेनुसीला भेटतात. एक क्लोद गेआँ, त्यांच्या मंत्रालयातले कार्यालयप्रमुख. दुसरे ब्रिस ओर्तफू, मंत्री आणि जुने मित्र. दोन्ही भेटी फ्रेंच वकिलातीला बाजूला ठेवून झाल्या. दोन्ही वेळा एकच माणूस सोबत होता : झियाद तकीद्दीन, लेबनॉनमधला मध्यस्थ. दोघांनी पुढे सांगितलं की आपल्याला फसवून तिथे नेलं, समोर सेनुसी असेल याची कल्पना नव्हती. दहशतवादासाठी जन्मठेप झालेल्या माणसाला, ज्या देशाने ती शिक्षा दिली त्याच देशाच्या गृहमंत्र्याचे लोक एकामागोमाग दोनदा अनवधानाने भेटतात आणि परत आल्यावर आपल्या साहेबाशी त्यावर बोलत नाहीत, हे कोर्टाला पटलं नाही. मलाही पटत नाही.

या तकीद्दीनकडे जरा नीट बघा, कारण अशा प्रकरणात उमेदवारापेक्षा दलालाचा पूर्वेतिहास जास्त बोलतो. १९९४ मध्ये फ्रान्सने पाकिस्तानला अगोस्ता पाणबुड्या विकल्या आणि सौदी अरेबियाशीही शस्त्रांचे मोठे करार केले. त्या सौद्यांतल्या दलालीचा काही भाग फ्रान्समध्येच परत आला आणि एदुआर बालादूर यांच्या १९९५ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात गेला, असा आरोप होता. हेच ते कराची प्रकरण. तकीद्दीन त्यातल्या मध्यस्थांपैकी एक आणि २०२० मध्ये पॅरिसच्या कोर्टाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. बालादूर स्वतः २०२१ मध्ये निर्दोष सुटले. त्यांच्या प्रचाराच्या खात्यात मतदानाची पहिली फेरी हरल्यावर एका दिवसात एक कोटी दोन लाख पन्नास हजार फ्रँक रोख भरले गेले होते. खुलासा काय, तर सभांमधली वर्गणी आणि टी-शर्टची विक्री. हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते खातं नामंजूर करावं असं सुचवलं होतं, तरी घटना परिषदेने ते मंजूर केलं. त्या प्रचारात बालादूर यांचे प्रवक्ते होते निकोला सार्कोझी. यावरून सार्कोझींवर काही सिद्ध होत नाही. पण दहा वर्षांनी त्यांच्याच माणसांना त्रिपोलीत घेऊन जाणारा दलाल नवखा नव्हता, एवढं त्यावरून कळतं.

लिबियातून पैसा निघाला, याचा पुरावा कागदावर आहे. २००६ मध्ये तकीद्दीनच्या कंपनीच्या खात्यात लिबियाकडून सुमारे ६० लाख युरो जमा झाले. दुसरा धागा शुक्री घानेमचा. हा लिबियाचा माजी पंतप्रधान आणि तेलमंत्री. त्याच्या वहीत एप्रिल २००७ च्या तारखेखाली सार्कोझींसाठी दिलेल्या रकमांची नोंद सापडली, बेरीज ६५ लाख युरो. ही वही का महत्त्वाची? कारण ती भांडण सुरू होण्याआधी लिहिली गेली. नंतर, २०११ मध्ये, फ्रान्ससह नाटोचे बॉम्ब लिबियावर पडू लागल्यावर तिथल्या अनेकांनी सार्कोझींना पैसे दिल्याचं सांगितलं, पण प्रत्येकाचा आकडा वेगळा आणि प्रत्येकाला सूड घ्यायचं कारण होतं. आमच्या धंद्यात भांडणानंतरच्या शंभर जबान्यांपेक्षा भांडणाआधीची एक किरकोळ नोंद वजनदार. घानेम मात्र साक्षीला कधीच आला नाही. २९ एप्रिल २०१२ ला त्याचा मृतदेह व्हिएन्नात डॅन्यूब नदीत सापडला.

त्याच्या आदल्याच दिवशी, म्हणजे फ्रान्समध्ये निवडणुकीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत, मेदियापार या फ्रेंच वृत्त-संकेतस्थळाने एक कागद छापला. लिबियाने सार्कोझींच्या प्रचाराला पाच कोटी युरो द्यायचं ठरवलंय, असा त्याचा मजकूर. सगळ्या जगाने हे प्रकरण त्या कागदावरून ओळखलं. ऑडिटर म्हणून मला तो आकडा पहिल्यापासून बोचत होता. २००७ मध्ये दुसऱ्या फेरीत जाणाऱ्या उमेदवाराला फ्रान्समध्ये खर्चाची मर्यादा होती सुमारे २ कोटी १६ लाख युरो. सार्कोझींचा जाहीर खर्च जवळपास तेवढाच. त्यावर आणखी पाच कोटी रोखीने, कुणाच्या डोळ्यांवर न येता खर्च करायचे म्हणजे सभा, गाड्या, छपाई, माणसं यांचा कुठेतरी डोंगर दिसायला हवा. तो दिसला नाही. तो कागद बहुधा बनावट असावा, असं २०२५ च्या निकालात कोर्टानेही म्हटलं, आणि सार्कोझींनी लगेच तेवढंच उचलून धरलं. पण शिक्षा त्या कागदावर उभी नव्हतीच. संशयाच्या प्रकरणात सर्वांत गाजलेला पुरावा आणि सर्वांत भक्कम पुरावा बहुतेक वेळा वेगवेगळे निघतात. आरोपीच्या वकिलालाही हे माहीत असतं, म्हणून तो गाजलेल्यावरच तुटून पडतो.

आता पोचण्याचा भाग. इथे सगळी गंमत आहे. २०१६ मध्ये तकीद्दीनने कॅमेऱ्यासमोर सांगितलं की २००६ च्या अखेरीपासून २००७ च्या सुरुवातीपर्यंत आपण सूटकेसमधून ५० लाख युरो त्रिपोलीहून पॅरिसला आणून दिले. २०२० मध्ये लेबनॉनमधून तो म्हणाला, सार्कोझींना काही दिलं नाही. २०२१ मध्ये पुन्हा फिरला. ही माघार कुणी घ्यायला लावली का, याची फ्रान्समध्ये वेगळी चौकशी लागली. अशा साक्षीदाराच्या शब्दावर कुठलंही कोर्ट काही उभारत नाही.

शब्द बाजूला ठेवले तर रोख रकमेच्या खुणा थोड्याच. प्रचाराच्या ऐन दिवसांत, मार्च २००७ मध्ये, गेआँ यांनी पॅरिसच्या बँकेत एक मोठी तिजोरी भाड्याने घेतली, इतकी उंच की माणूस आत उभा राहील. कशासाठी? सार्कोझींची भाषणं ठेवायला, असं उत्तर मिळालं. प्रचार कार्यालयातल्या लोकांना शेवटी रोख बक्षिसी वाटली गेली, जवळपास ३५ हजार युरो. ते पैसे कुठून आले? पाकिटातून टपालाने आलेल्या निनावी देणग्या, असं खजिनदार एरिक वर्थ यांनी सांगितलं. ऐकायला हास्यास्पद वाटतं, तरी वर्थ निर्दोष सुटले आणि ते योग्यच झालं. खुलासा पटला नाही म्हणजे आरोप सिद्ध झाला, असं होत नाही. आमच्याकडे ट्रेनी मुलांना हे समजायला वेळ लागतो. बोगस वाटणारं व्हाउचर सापडलं की त्यांना वाटतं केस संपली. व्हाउचर बोगस असेल तर खर्च नाकारता येतो, पैसा अमुक माणसाने खाल्ला हे त्यानंतर स्वतंत्रपणे दाखवावं लागतं.

गेआँ यांच्या बाबतीत ते दाखवता आलं. २००८ मध्ये त्यांच्या खात्यात परदेशातून पाच लाख युरो आले आणि त्यातून पॅरिसमध्ये फ्लॅट घेतला गेला. सतराव्या शतकातली दोन सागरी चित्रं एका मलेशियन वकिलाला विकली, हा त्यांचा खुलासा. जाणकारांच्या मते त्या चित्रकाराच्या चित्रांना एवढी किंमत येऊच शकत नव्हती. इथे बँकेची नोंद आहे, तारीख आहे, मालमत्ता आहे, म्हणून भ्रष्टाचार आणि बनावट कागदपत्रांच्या आरोपात ते दोषी ठरले. फरक एवढाच की हा पैसा बँकेतून आला. प्रचाराचा पैसा आला असेल तर रोखीने आला, आणि रोख रक्कम म्हणजे वाळूत मुरलेलं पाणी. वर ओल दिसते, खाली कुठे गेलं ते सांगता येत नाही.

२५ सप्टेंबर २०२५ चा निकाल या पार्श्वभूमीवर वाचा. कोर्टाने काय म्हटलं? सार्कोझींनी आपल्या जवळच्या माणसांना प्रचारासाठी लिबियाकडून पैसा मिळवण्याचा प्रयत्न करू दिला. त्या हेतूने लिबियातून पैसा निघाला. पण तो पैसा शेवटी २००७ च्या प्रचारात वापरला गेला, हे पुराव्याने दाखवता आलं नाही. म्हणून भ्रष्टाचार, प्रचाराचं बेकायदा अर्थसाहाय्य आणि लिबियाच्या सार्वजनिक पैशाच्या अपहारातला वाटा, या तिन्ही आरोपांतून सुटका. आणि गुन्हेगारी संगनमताच्या आरोपात पाच वर्षं. फ्रेंच कायद्यात गुन्ह्याची तयारी करण्यासाठी एकत्र येणं हाच गुन्हा आहे, तो तडीस गेलाच पाहिजे असं नाही. आपल्याकडे गुन्हेगारी कट या कलमामागचा विचार साधारण असाच. गेआँ यांना सहा वर्षं, ओर्तफू यांना दोन. तकीद्दीन निकालाच्या दोनच दिवस आधी बैरुतमध्ये वारला.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोनांना कोर्टाने होय म्हटलं, तिसऱ्याला ‘दाखवता आलं नाही’ म्हटलं. पैसा मधल्या मध्ये दलालाने गिळला असण्याची शक्यता अजिबात दूरची नाही. मोठ्या सौद्यांत दलाल दोन्ही बाजूंना एकमेकांच्या नावाने लुटतो, हे मी कितीतरी छोट्या प्रमाणावर पाहिलंय. आणि ज्याचे पैसे बुडाले तो तक्रार करायला पोलिसांत जात नाही.

सार्कोझी २१ ऑक्टोबरला ला सांते तुरुंगात गेले आणि वीस दिवसांनी, १० नोव्हेंबरला, अपील प्रलंबित असताना बाहेर आले. फ्रान्समध्ये अपील म्हणजे पूर्ण खटला नव्याने चालतो आणि अंतिम निकालापर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो, हे विसरू नये. सार्कोझी पहिल्यापासून सगळे आरोप नाकारत आलेत. निकाल देणाऱ्या न्यायाधीशबाईंना ठार मारण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांना जाहीर निषेध करावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये त्याच कोर्टात यूटीए विमानात गेलेल्यांच्या नातलगांनी साक्षी दिल्या होत्या. त्यांच्या बातम्या फार थोड्यांनी वाचल्या असतील. पैसा कुणाला मिळाला, यापेक्षा सेनुसीच्या सुटकेवर कोण सौदा करायला बसलं होतं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि मला तो जास्त मूलभूत वाटतो.

परकीय पैशाची एक कायदेशीर वाटही आहे, तिचा उल्लेख करतो कारण तिथे माझ्यासारख्याचं काहीच काम नसतं. फ्रान्समधल्या अतिउजव्या नेत्या मारीन ल पेन यांच्या पक्षाने २०१४ मध्ये मॉस्कोतल्या एका बँकेकडून ९४ लाख युरोंचं कर्ज घेतलं. उघडपणे, करार करून, कारण फ्रेंच बँका कर्ज देत नव्हत्या. २०१६ मध्ये ती बँक बुडाली, कर्ज विमानाचे सुटे भाग विकणाऱ्या एका रशियन कंपनीकडे गेलं आणि २०२३ मध्ये फिटलं. तेव्हाच्या कायद्याला धरून सगळं. २०२२ च्या दूरचित्रवाणीवरच्या वादसभेत मॅक्राँ यांनी रशिया म्हणजे तुमचा सावकार, अशा अर्थाचा टोला हाणला तो यावरून. सावकाराचा धाक ऋणकोवर असतो का? असतोच, पण तो कुठल्याही खतावणीत दिसत नाही. फ्रान्सने २०१७ मध्ये कायदा बदलून युरोपबाहेरच्या बँकांचं कर्ज पक्षांना बंद केलं. जिथे हेतू सिद्ध करणं अशक्य, तिथे दारच बंद करणं शहाणपणाचं.

रोमानिया हे अगदी उलटं उदाहरण. सार्कोझींच्या बाबतीत लिबियातल्या भेटींपासून निकालापर्यंत वीस वर्षं गेली. रोमानियाने बारा दिवसांत फैसला केला.

२४ नोव्हेंबर २०२४ ला राष्ट्राध्यक्षपदाची पहिली फेरी झाली. चाचण्यांमध्ये मागे असलेले अतिउजव्या विचारांचे कालिन जॉर्जेस्कू जवळपास २३ टक्के मतं घेऊन पहिले आले. प्रचाराचा जाहीर खर्च शून्य. निवडणूक यंत्रणेकडे शून्य लिहून देणारा उमेदवार टिकटॉकवर सगळीकडे होता. ४ डिसेंबरला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष योहानिस यांनी गुप्तचर खात्यांचे कागद खुले केले. मतदानाआधीच्या दोन आठवड्यांत सुमारे २५ हजार टिकटॉक खाती अचानक जागी झाली, त्यातली ७९७ तर २०१६ पासून जवळपास निजलेली होती. एकाच वापरकर्त्याने इन्फ्लुएन्सरांना महिन्याभरात तीन लाख ८१ हजार डॉलर दिले. निवडणुकीच्या संगणक यंत्रणेवर ८५ हजारांहून जास्त सायबर हल्ले झाले. रशिया रोमानियाविरुद्ध संमिश्र युद्धतंत्र (सायबर हल्ले, अपप्रचार वगैरे मिसळून) वापरतो, असं कागद म्हणत होते. पण हा पैसा रशियातून आला, किंवा जॉर्जेस्कू यांनी तो मागितला, असं दाखवणारा धागा त्या खुल्या कागदांत नव्हता.

६ डिसेंबरला घटना न्यायालयाने एकमताने सगळी निवडणूक रद्द केली. आदल्याच सोमवारी, २ तारखेला, फेरमोजणीनंतर याच न्यायालयाने पहिल्या फेरीचा निकाल कायम केला होता. दुसरी फेरी दोन दिवसांवर होती आणि परदेशातल्या रोमानियन नागरिकांचं मतदान सुरूही झालं होतं.

हे बरोबर की चूक? माझं मत विचाराल तर, रद्द करण्याला एक आधार होता आणि तो भक्कम होता : शून्य खर्च. उमेदवाराच्या नावाने कुणीतरी लाखो डॉलर खर्च करतंय आणि हिशेबात त्याचा पत्ता नाही, ही गोष्ट रशियाचं नाव न घेताही निवडणूक कायद्याचा भंग ठरते. न्यायालयाने प्रचारातल्या अपारदर्शक अर्थसाहाय्याचा मुद्दा मांडलाही. पण जगभर बातमी गेली ती रशियाची, आणि तिथे कागद लंगडा होता. काही दिवसांतच एका रोमानियन शोधपत्रकारांच्या गटाने कर खात्याच्या तपासाचा हवाला देऊन छापलं की जॉर्जेस्कूंना उपयोगी पडलेल्या टिकटॉकवरच्या एका मोहिमेचे पैसे सत्तेतल्या राष्ट्रीय उदारमतवादी पक्षाने भरले होते. पक्षाने जॉर्जेस्कूंसाठी मोहीम चालवल्याचा इन्कार केला. त्यामुळे रशियाचा हात नव्हता असं ठरत नाही. एकाच टिकटॉकच्या लाटेत दोन-तीन जणांचा पैसा मिसळू शकतो. पण न्यायालयाने आधी थांबून पैशाचा उगम बघायला हवा होता, असं म्हणणाऱ्यांच्या हातात कोलीत मिळालं.

जानेवारी २०२५ मध्ये युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने, म्हणजे घटनातज्ज्ञांच्या सल्लागार मंडळाने, याबाबत मत दिलं. निवडणूक रद्द करणं अगदी अपवादात्मक परिस्थितीतच करावं, आणि तो निर्णय निव्वळ गोपनीय गुप्तचर माहितीवर उभा नसावा, कारण मतदाराला आणि उमेदवाराला ती तपासता येत नाही. मला हे शंभर टक्के पटतं. गुप्तचर अहवाल आमच्यासाठी शोध कुठे घ्यायचा ते सांगतो. तो स्वतः पुरावा झाला तर उद्या कुठलंही सरकार नको असलेल्या विजेत्याविरुद्ध असा अहवाल काढेल.

पुढचं थोडक्यात. मार्चमध्ये जॉर्जेस्कूंची उमेदवारी फेटाळली गेली. मेमध्ये पुन्हा निवडणूक झाली. पहिल्या फेरीत त्यांच्याच वाटेवरचे जॉर्जे सिमिऑन ४१ टक्क्यांच्या जवळ गेले, म्हणजे रद्द केल्याने तो मतदार कुठे गेला नाही, उलट वाढला. दुसऱ्या फेरीत बुखारेस्टचे महापौर निकुशोर दान साधारण ५४ टक्के मतांनी जिंकले. सप्टेंबरमध्ये सरकारी वकिलांनी जॉर्जेस्कूंवर घटनात्मक व्यवस्थेविरुद्धच्या कटाच्या प्रकरणात आरोपपत्र ठेवलं. हे सगळं निवडणूक रद्द झाल्यानंतर. फ्रान्समध्ये पुरावा आला तेव्हा पदाची मुदत संपून गेली होती आणि रोमानियात निर्णय झाला तेव्हा पुरावा यायचा होता. यातला सोयीस्कर मधला वेळ कुठल्याच लोकशाहीला अजून सापडलेला नाही, आणि टिकटॉकच्या वेगात तो सापडेल अशी मला आशा नाही.

शेवटचा प्रश्न आपल्याकडचा. आपला राष्ट्रपती लोकांच्या थेट मताने निवडला जात नाही, त्यामुळे तुलना करायची तर पक्षांच्या पैशाशी करावी लागेल. कायदा कडक आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९ ब आणि परकीय देणगी नियमन कायदा, दोन्ही पक्षांना परदेशी पैसा घ्यायला मनाई करतात. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०१४ ला निकाल दिला की काँग्रेस आणि भाजप या दोघांनीही लंडनच्या वेदांता कंपनीच्या स्टरलाइट आणि सेसा या भारतीय कंपन्यांकडून देणग्या घेऊन हा कायदा मोडला. सेसा म्हणजे गोव्यातली खाणवाली सेसा गोवा. न्यायालयाने सहा महिन्यांत कारवाई करा म्हणून सरकारला आणि निवडणूक आयोगाला सांगितलं. इथे दलाल नव्हता, सूटकेस नव्हती, धनादेश होते, पावत्या होत्या. म्हणजे तिन्ही प्रश्नांची उत्तरं ताळेबंदातच मिळत होती.

झालं काय? २०१६ च्या वित्त कायद्यातून ‘परकीय स्रोत’ याची व्याख्याच बदलली गेली, म्हणजे परदेशी मालकीच्या अशा भारतीय कंपन्या त्यातून सुटाव्यात, आणि तीही २०१० पासून लागू होईल अशी. मग लक्षात आलं की देणग्या त्याआधीच्या, जुन्या कायद्याच्या काळातल्या आहेत. म्हणून २०१८ च्या वित्त कायद्यात तारीख आणखी मागे नेली, ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत. तो वित्त कायदा लोकसभेत चर्चेविना संमत झाला, आणि या एका बाबतीत सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात मतभेद असल्याचं दिसलं नाही. त्याच सुमारास निवडणूक रोखे आले, कंपन्यांच्या देणगीवरची साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली, आणि देणारा कोण हे मतदाराला कळेनासं झालं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रोखे आणि मर्यादा उठवणारी दुरुस्ती, दोन्ही घटनाबाह्य ठरवली. परकीय स्रोताची बदललेली व्याख्या मात्र त्या निकालाचा विषय नव्हती, ती तशीच आहे.

तेव्हा आपल्याकडे संशय आला तर तपासता येईल का, याचं उत्तर : कागद मिळतील, माग लावता येईल, बहुधा फ्रान्सपेक्षा सोपं जाईल. फक्त तपास पूर्ण होईपर्यंत ज्या कलमाखाली तो चाललाय ते कलम जागेवर आहे का, हे अधूनमधून बघत राहावं लागेल.